खुर्चीत बसून ठोसे

एसटीची पायरी

माझा आजार मला पहिल्यांदा भेटला तो एसटीच्या पायरीवर.

मी तलासरी तालुक्यात, झरीजवळच्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत शिकवते. राहते डहाणूला. सकाळची तलासरी एसटी आणि पुढे रिक्षा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. २०१७ साली गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. एसटीच्या पायरीवर पाय ठेवला आणि अंग वर येईना. पाय होता तिथेच होता, पण त्याला काही सांगितलेलं कळतच नव्हतं. मागे मासळीची पाटी घेतलेली एक बाई उभी होती. तिने खांद्याने मला वर ढकललं आणि म्हणाली, "बाई, रातच्या जेवल्या नाय का?" सगळे हसले. मीही हसले.

त्याआधी गणपतीत मला जुलाब झाले होते आणि ते बरेही झाले होते. म्हणून वाटलं, अशक्तपणा असेल. दोन दिवस तळपायांना जमीन नीट लागत नव्हती. जाड मोजे घालून चालल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना खडू दोनदा बोटांतून सुटला. पहिलीतल्या एका मुलीने तो उचलून दिला, तेव्हाही मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसले आणि उठता येईना. लिहायला संकोच वाटतो, पण हा आजार झालेल्या कितीतरी जणांना नेमकं हेच आठवेल, म्हणून लिहिते. सासूबाईंना हाक मारली. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने मला काखेत धरून उठवलं आणि कॉटपर्यंत आणलं. कॉटवर बसवून त्या म्हणाल्या, "मंदा, हे जुलाबाचं नाही. अंगावरून वारं गेल्यासारखं आहे. विलासला बोलवते."

ढिम्म गुडघे

आमचे हे, म्हणजे विलास, रेल्वेत सिग्नल खात्यात आहेत. ड्यूटी अर्धवट टाकून आले. डहाणूच्या डॉक्टरांनी मला टेबलाच्या कडेला बसवलं आणि छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. एरवी पाय उडतो. माझा ढिम्म राहिला. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारलं, तोही ढिम्म. मग त्यांनी हातोडी ठेवली आणि यांच्याकडे बघून सांगितलं, "वापीला घेऊन जा. आजच. घरी जाऊन कपडे वगैरे घेत बसू नका."

आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणसं गुजरातकडेच तोंड करतात. इको गाडीत मागच्या सीटवर यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी निघाले. गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. खिडकीतून फक्त ट्रकांच्या मागच्या पाट्या दिसत होत्या. बाहेर ढाब्यावर कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला! त्याला उभं राहता येत होतं.

वापीच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन तपासलं आणि मग आम्हाला नाव सांगितलं. गिया बारे. हे म्हणाले, "काय बारे?" मला तेवढ्यातही हसू आलं. डॉक्टर चिडले नाहीत. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, कधीकधी साध्या जुलाबानंतरसुद्धा, असं त्यांनी सोपं करून सांगितलं. मग म्हणाले, "आधी वाढेल, मग थांबेल, मग उतरेल. बहुतेकांचं उतरतं. पण वाढत असताना तुम्ही आमच्या डोळ्यांसमोर हव्यात."

वाढेल, थांबेल, उतरेल. पुढचे कित्येक दिवस मी हेच शब्द मनात घोळवत होते. पण दिवसेंदिवस पहिलाच शब्द खरा ठरत होता.

हंसाबेन

आयसीयूत मला बेल दाबता येत नव्हती आणि हाक दारापर्यंत पोचेल एवढा आवाजही निघत नव्हता. बोटं दुमडायची नाहीत, मान वळायची नाही. पायांवर चादर टाकली तरी आग व्हायची. हे दुखणं बाहेरून कुणाला दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाई शांत पडली आहे.

सगळ्यात मोठी भीती मरणाची नव्हती. आपल्याला काही हवं आहे आणि ते कुणाला कळणारच नाही, ही होती.

हंसाबेन नावाच्या सिस्टर होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसलं. ते मला पुसता येत नव्हतं. म्हणाल्या, "बेन, गभराता नहीं. जीभ हलते ना? मग टक टक करायचं. कोंबडीला बोलवतो तसं." मी जीभ टाळूला लावून आवाज काढला. त्या दारापर्यंत गेल्या, पाठ फिरवली, म्हणाल्या, "फरी थी." मी पुन्हा काढला. "आलं ऐकू!" म्हणत परत आल्या. त्यानंतर त्या खोलीत माझ्या टकटकीला कुणीही धावत यायचं. एखाद्या सिस्टरला माझं पुटपुटणं कळायचं नाही, मग ती पाणी, लघवी, कूस, डास असं एकेक विचारत जायची आणि बरोबर आलं की मी डोळे मिटायचे.

सकाळ-संध्याकाळ एका श्वासात जितके म्हणता येतील तितके आकडे म्हणायला लावत. श्वासाचे स्नायू किती थकलेत ते त्यावरून कळतं. मी शिक्षिका. म्हटलं, नुसते आकडे कशाला, पाढे म्हणते. पण पाढा रोज लवकर तुटायला लागला. जो पाढा वर्गात झोपेत म्हटला असता, तो अर्ध्यावरच संपायचा आणि मी माशासारखी तोंड उघडून पडायचे. हे काचेपलीकडे उभे असायचे. हसून हात हलवायचे. मला वाटायचं, यांना काहीच कसं कळत नाही?

शिरेतून रोज औषध जात होतं. एका सकाळी पाढा आदल्या दिवशी तुटला तिथेच तुटला. त्याच्या अलीकडे नाही. हंसाबेननी डॉक्टरांना हाक मारली आणि डॉक्टर मला म्हणाले, "थांबलं."

गळ्यात नळी घालावी लागली नाही. सगळ्यांच्या नशिबात हे नसतं. माझ्या शेजारच्या पलंगावर एक दादा होते, त्यांना बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर राहावं लागलं. तेही पुढे बरे होऊन घरी गेले, असं हंसाबेननी नंतर फोनवर सांगितलं. मुद्दाम लिहिते, म्हणजे मशीनचं नाव काढताच कुणी धीर सोडू नये.

मडकं

घरी आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मला उठवून बसवायला दोन माणसं लागायची. आमची सायली तेव्हा बारावीला होती. पुस्तक माझ्या कॉटवर उघडं ठेवून ती अभ्यास करायची, कारण मी सारखी हाक मारायचे. उशी, पाणी, पंखा, पाय जरा वळव. एकदा पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी तिने पुस्तक आपटलं आणि ओरडली, "आई, अर्धा तास तरी हाक मारू नकोस गं!"  अर्धा तास खरंच हाक मारली नाही. नाकाला खाज येत होती तरी नाही. मग तीच येऊन माझ्या पोटावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवर हात ठेवायला गेले तर तो घसरून तिच्या कानावर पडला. "आई, कानाखाली मारतेस का?" म्हणून ती हसली. अशा घरात अशी भांडणं होतातच. ज्यांच्याकडे होतात त्यांनी स्वतःला वाईट समजू नये.

फिजिओथेरपीच्या श्रुती मॅडम एक दिवसाआड यायच्या. त्यांचा एकच कायदा होता. दमण्याच्या आधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाय जास्त जड वाटले तर समजायचं की काल जास्त झालं. बसणं, मग उभं राहणं, मग वॉकर, मग भिंत, असं करत करत उन्हाळ्यापर्यंत मी घरात हातात काठी घेऊन फिरायला लागले.

पण यांचं काही बदलेना. मी उठले की हे उठायचे. मी न्हाणीघराकडे निघाले की दोन्ही हात पुढे करून माझ्या मागून चालायचे, जत्रेतून नवं मडकं आणताना आणतात तसे. अंगणात उतरायचं नाही, ओट्यापाशी उभं राहायचं नाही. शेजारीण भेटायला आली तर माझ्या तब्येतीची उत्तरं हेच द्यायचे. मी आपली बघत बसायचे.

ही कुणावर चिडली आहे?

मे महिन्यात सायलीची परीक्षा संपली होती. दिवसभर मोबाइल. एका सकाळी तिने तो पोह्यांच्या डब्याला टेकवून टीव्हीच्या टेबलावर ठेवला आणि समोर उड्या मारायला लागली. पडद्यावर एक परदेशी बाई होती. पिळदार हात, पांढरेशुभ्र दात, एवढं सगळं करून घामाचा टिपूस नाही. हवेत ठोसे मारत होती, लाथा मारत होती आणि हसून हसून इंग्रजीत काहीतरी ओरडत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"किकबॉक्सिंग. कॉलेज सुरू व्हायच्या आत बारीक व्हायचंय मला."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "ही बाई कुणावर एवढी चिडली आहे?"

"कुणावर नाही गं आजी, व्यायाम आहे."

"कुणावर तरी असणार. उगाच कोण असं मारतं?"

मी खुर्चीत बसले होते. बघता बघता माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठी वळल्या आहेत. पूर्ण नाही, करंगळ्या बाहेरच होत्या. पण वळल्या होत्या, आणि त्या बाईच्या तालावर थोड्या थोड्या पुढे-मागे होत होत्या. सायलीने ते पाहिलं. उड्या मारायची थांबली आणि माझी खुर्ची ओढून स्वतःच्या शेजारी घेतली. "चल. तू बसून मार."

पहिला ठोसा कुठे गेला ते मलाच कळलं नाही. नेम पडद्यावर आणि हात गेला खिडकीकडे. दुसरा माझ्याच गुडघ्यावर पडला. सायली हसायला लागली, मीही हसायला लागले आणि हसण्याने दमून मी थांबले. व्हिडिओतल्या बाईची अजून तयारीच चालली होती.

श्रुती मॅडमना भीत भीत सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी व्हिडिओ बघितला, मग मला म्हणाल्या, "घरात वैरी कोण आहे?" मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस!" मॅडमनी परवानगी दिली. खुर्चीत बसून ठोसे चालतील. उभं राहायचं ते कॉटचा दांडा धरून आणि गुडघा जमेल तेवढा वर उचलायचा. उडी नाही, लाथ तर नाहीच नाही. आणि व्हिडिओ संपेपर्यंत नाही, दमायच्या आत थांबायचं.

हे ड्यूटीवर गेले की आमची शाळा भरायची. मला आजवर दुखण्याने नुसतं सोसायला लावलं होतं. सुई सोसा, आग सोसा, लोकांचं च्‌ च्‌ सोसा. इथे पहिल्यांदा मी काहीतरी मारत होते. हवा का असेना! थोड्या दिवसांनी सासूबाईंनीही दुसरी खुर्ची ओढली. पदर खोचून, बांगड्या वाजवत त्या असे ठोसे मारायच्या की बघत राहावं. मी विचारलं, "आई, कुणाला मारताय?"

"माझ्या थोरल्या जावेला," त्या म्हणाल्या. "गेली बिचारी. पण घर वेगळं करताना माझा पाटा घेऊन गेली."

लाथ

जमायला लागलं की माणसाला चेव येतो. एका दुपारी सायली बाहेर गेली होती, सासूबाई झोपल्या होत्या. मी एकटीनेच व्हिडिओ लावला. कॉटचा दांडा धरून उभी राहिले. ती बाई लाथ मारत होती. मी म्हटलं, एकच. पाय उचलला, पुढे फेकला, आणि खालचा पाय दुमडला. धाडकन बसले. कोपर कॉटला लागलं.

नेमके त्याच वेळी हे दारात.

त्यांनी आधी मला उचललं, कोपर बघितलं, पाय बघितले. मग मोबाइल उचलून बंद केला आणि माझ्यावर कधी नव्हे इतक्या मोठ्या आवाजात ओरडले, "गंमत वाटते का तुला? सर्कस लावलीय घरात?"

मीही ओरडले. "मग काय करू? तुम्ही मला मडकं करून ठेवलंय! मला फडताळात ठेवा आणि कडी लावा!"

सासूबाई उठून दारात आल्या होत्या. तशाच परत आत गेल्या.

हे खाली बसले, जमिनीवरच.  मग म्हणाले, "तुला माहीत नाही. तिथे माझ्याकडून सही घेऊन ठेवली होती, नळी घालायची वेळ आलीच तर म्हणून. मला माझी सही करता येईना गं. पेन हातात आणि नाव आठवेना. तू आत पाढे म्हणायचीस. आवाज बाहेर येत नव्हता. मी तुझ्या ओठांकडे बघून मोजायचो. रोज कमी. आणि तू माझ्याकडे बघायचीस म्हणून हसायचो."

 इतके महिने मी समजत होते की काचेपलीकडच्या माणसाला काही कळत नाही.

"तू पडलीस की मला तेच दिसतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पण मी पडले आणि उठले ना. तुम्ही उचललंत, पण उठले ना?"

मग दोघांनी चहा घेतला. कोपर चार दिवस दुखलं आणि श्रुती मॅडमनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

पुढच्या रविवारी यांनी माळ्यावरून जुनी कापसाची गादी काढली, झटकली आणि कॉटशेजारी अंथरली. मॅडमना फोन करून काय चालेल आणि काय नाही ते नीट विचारून घेतलेलं होतं. मग उशी दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभे राहिले. "एक हात दांड्यावरून सोडायचा नाही. मार."

मी लाथ मारली. पाय उशीपर्यंत कसाबसा पोचला, मांजराने पाय पुसावा तसा.

हे हसले नाहीत. "अजून," म्हणाले.

त्यानंतर कामावरून आले की चपला काढून पहिल्यांदा उशी उचलायचे. पाऊस सुरू झाला, सायलीचं कॉलेज सुरू झालं, त्या परदेशी बाईचा आवाज आम्ही बंद करून टाकला कारण तिची घाई आम्हाला झेपत नव्हती. एका संध्याकाळी मी लाथ मारली आणि हे अर्धं पाऊल मागे गेले.

"मुद्दाम गेलात," मी म्हटलं.

"नाही."

"खरं सांगा."

"आईशपथ नाही," ते म्हणाले. आतून सासूबाई ओरडल्या, "माझी शपथ खोटी घेऊ नकोस रे!" पण ती खोटी नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

शाळेत

गणपतीनंतर मी कामावर रुजू झाले. सुरुवातीला हे रजा टाकून पाड्यापर्यंत सोडायला यायचे, मग तलासरीपर्यंत, मग एसटीपर्यंत. वर्गात खुर्चीत बसून शिकवायचे. मुलं फळ्यावर लिहायची आणि मी तपासायचे. त्यांनाही ते जास्त आवडलं. पायांची बोटं अजून बधिर होती, आजही थोडी आहेत. संध्याकाळी कधीकधी शिशाचे पाय होतात. पूर्ण पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. पण पुरेसं झालं आहे.

त्याच हिवाळ्यात आमच्या डहाणू-तलासरीत जमीन हलायला लागली. धक्के बसायचे, भिंतींना तडे जायचे, माणसं थंडीत घराबाहेर झोपायची. पाड्यावर सगळेच घाबरलेले असायचे. एका दुपारी मी दुसरीला धडा वाचून दाखवत होते. आधी आवाज आला, जमिनीखालून जड गाडी जावी तसा. मग पत्रे थरथरले, फळा भिंतीवर आपटला. मी ओरडले, "बाहेर! सगळे बाहेर!" मुलं पळाली. एक लहानगी बाकाखाली शिरून बसली होती. मी तिला ओढून कडेवर घेतली आणि बाहेर आले.

मैदानात मोहाच्या झाडापाशी मुलांच्या माना मोजत होते. सगळी होती. कडेवरची पोर माझ्या गळ्याला घट्ट धरून होती. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "बाई, तुमी पलत आल्या!"

मी मागे वळून बघितलं. वर्गाचं दार, तीन पायऱ्या, आणि तिथपासून इथपर्यंतची मोकळी जागा. काठी आत खुर्चीला टेकलेली होती.

फोन लागत नव्हता, सगळेच एकदम लावत असणार. शेवटी लागला तेव्हा दोघेही एकाच वेळी बोललो, "बरी आहेस ना?" "बरे आहात ना?" मग मी म्हटलं, "अहो, मी धावले."

"काय?"

"मी धावले. पोरीला कडेवर घेऊन. मला कळलंच नाही."

पलीकडून आधी फक्त स्टेशनवरचा कालवा.  मग त्यांचा आवाज आला. "बरं. मग आता दमायच्या आत बस."

मी मोहाखाली बसले. मुलं आपोआप भोवती बसली. आत जायची कुणाचीच तयारी नव्हती, माझीही नव्हती. पुस्तक आतच राहिलं होतं, पण धडा बहुतेकांना पाठ होता. कडेवरची पोर मांडीवर आली, आणि जिथे थांबलो होतो तिथून आम्ही सगळ्यांनी मिळून तो पुढे म्हणायला घेतला.